ओलेटाच्या लग्नाला वेळ नव्हता

ढगांआडून उन्हाचे पट्टे पंख्यासारखे पसरले की चर्चचे पाद्री ब्रदर हार्लन गाडी थांबवायचे. मग बायकोने आणि मुलीने मुकाट उतरायचं आणि ओक्लाहोमाच्या त्या सपाट रानात माना वर करून उभं राहायचं. "प्रभूची वाट उघडतेय!" ते गरजायचे. चर्चमध्ये त्यांचा शब्द प्रमाण, मग घरात कोण तोंड उघडणार?

ओलेटा त्यांची एकुलती एक. पंचविशीत तिला डेल्बर्टने मागणी घातली. तो गावच्या शाळेत गणित शिकवायचा. एकदा कापसाच्या शेताकडेला तो तिला म्हणाला, "या सऱ्या बघ. लांबवर सगळ्या एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात ना? चालत जा, कुठेच मिळत नाहीत. उन्हाचंही तसंच. सूर्य इतका लांब, की किरणं शेजारी शेजारी सरळच येतात. पंखा आपल्या नजरेला दिसतो, वेडे."

तिला पटलं. पण पटून काय उपयोग? डॅडी म्हणाले, "हिवाळ्याआधी प्रभू येतोय, जगाचा शेवट होतोय. आता कसली लग्नं करताय?" ओलेटाने डेल्बर्टला थांबायला सांगितलं. हिवाळा आला, प्रभू आला नाही. डॅडींनी पुढचा हिवाळा सांगितला, मग त्याच्या पुढचा. शेवटी डेल्बर्टने टेक्सासात नोकरी धरली आणि तिकडचीच मुलगी केली. बातमी आली तेव्हा ओलेटा भेंडीचं लोणचं भरत होती. ती भरतच राहिली.

पुढे आई गेली. डॅडींचं जेवणखाण, औषधं, कपडे सगळं ओलेटाच्या गळ्यात पडलं. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "किती गं सेवाभावी!" सेवाभाव कसला, तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो. शेहेचाळिसावं वर्ष लागलं तरी तिला रात्री डेल्बर्टची आठवण यायची आणि स्वतःचीच चीड यायची.

एका रविवारी जेवता जेवता डॅडी म्हणाले, "मी वेल्माशी लग्न करतोय." वेल्मा चर्चमध्ये पियानो वाजवायची. वयाने ओलेटाहून लहान.

ओलेटाच्या हातातला डाव तसाच राहिला. "आणि प्रभू येणार होता, त्याचं काय?"

"तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. पवित्र शास्त्रातच लिहिलंय."

"मग माझ्या वेळी ते लिहिलेलं नव्हतं का, डॅडी?"

ब्रदर हार्लननी पाव तोडून रश्शात बुडवला.

"माणसाला सोबत लागते गं पोरी," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं. तुझं कुठे लग्न झालंय?"