यंत्राचा पाहुणचार

कसबा पेठेत कोणाच्या घरी पाळणा हलणार, हे त्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आधी प्रेमलाताईंना कळायचं. यात जादू काही नव्हती. बाईने चौदा वर्षं बालवाडी चालवलेली. पेठेतली निम्मी तरुण पिढी तिने नाकं पुसून मोठी केलेली. एखादी सून फोडणीच्या वासाने तोंड फिरवताना दिसली, की ताई मनातल्या मनात महिने मोजायला लागायच्या.

बालवाडी बंद पडली आणि २०११ साली या गुणाला अचानक भाव आला. आईच्या पोटात असताना बाळाच्या वाट्याला कसली हवा येते आणि पुढे त्याच्या वजनाचं, दम्याचं काय होतं, हे तपासणारा एक अभ्यास शहरात सुरू झाला होता. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याची नोंद ठेवायची होती. ताईंचं काम गरोदर बायका शोधायचं, त्यांना राजी करायचं आणि महिन्यातून एकदा त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी अडकवायचं. पिशवीत छोटा पंप. तो चोवीस तास घुमत हवा ओढायचा आणि आतल्या रुपयाएवढ्या पांढऱ्या कागदावर हवेतली घाण बसायची. तो कागद मग प्रयोगशाळेत जायचा.

सहा महिन्यांनी अभ्यासाचे प्रमुख, डॉक्टर शरच्चंद्र, यांनी ताईंना बोलावून घेतलं.

"प्रेमलाताई, तुमच्या पेठेत हवा कुठून मागवतात?"

"का हो सर?"

सरांनी कागदांच्या डब्या दोन ओळींत मांडल्या. "ही मांजरी गावातली घरं. तिथे चुली आहेत, उसाचं पाचट पेटवतात. कागद करडे आलेत. आणि ही तुमची तेवीस घरं. हे कागद नवे म्हणून परत वापरता येतील. कसब्याची हवा महाबळेश्वराहून शुद्ध आहे, असं मी छापू का?"

"यंत्र बिघडलं असेल."

"तीन बदलली. तिन्ही पुणेकर निघाली म्हणायची."

ताई बाहेर पडल्या. आपल्या पेठेच्या हवेचं कौतुक ऐकून एवढं वाईट वाटलेल्या त्या पहिल्याच बाई असाव्यात.

दुसऱ्या दिवशी एका फॉर्मवर सही राहिली म्हणून त्या जरीनाखालांकडे गेल्या. खालांचा मुलगा रहीम खाली भांड्यांना कल्हई करायचा आणि घर त्याच्या डोक्यावर, लाकडी जिन्याने वर. दगडी कोळशाची भट्टी धगधगत होती. लग्नाच्या बिर्याणीचं भलं मोठं पातेलं लाल तापलेलं; रहीमने त्यात नवसागर टाकला, तशी पांढऱ्या धुराची लाट उठून जिन्याने थेट वर गेली. वरच्या पायरीवर त्याची बायको सुरय्या कोथिंबीर निवडत बसली होती. सहावा महिना.

"अय्या, ताई! आज? तुमचा तर गुरुवार ना?"

आतून खालांचा आवाज आला, "रहीम! भट्टी बंद कर, प्रेमला आली!"

"असू दे खाला, मी यंत्र नाही आणलं."

"मग आधी सांगायचं ना! रहीम, चालू दे रे!"

ताई जिन्यातच टेकल्या. "खाला, यंत्र येतं त्या दिवशी भट्टी बंद असते?"

"म्हणजे काय! एवढं साहेबलोकांचं यंत्र घरी येणार, त्याला काय धूर पाजायचा? गुरुवारचा लोबानसुद्धा नाही लावत मी. सुरय्याला पिशवीसकट गच्चीवर बसवते. तुझं नाव खराब व्हायला नको, काय?"

ताईंनी त्याच दिवशी आणखी नऊ घरं पालथी घातली. सगळीकडे हाच थाट. कोणी बंब पेटवत नव्हतं, कोणी सासऱ्यांच्या विडीला सुट्टी देत होतं. एका घरी तर सुनेला पिशवी देऊन बहिणीकडे कोथरूडला धाडायचे. तिकडे झाडं जास्त आहेत म्हणून.

हे ऐकून सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. "तेवीसच्या तेवीस बाद. आता न सांगता जा. घर रोजच्यासारखं चालू असताना पिशवी द्या."

"म्हणजे सुरय्याला धुरात बसवायचं?"

"आपण कुठे बसवतोय? ती बसतेच आहे. आपण फक्त बघायचं."

"सर, चौदा वर्षं बालवाडी चालवली मी. पोर पडताना फक्त बघायचं कसं, ते शिकायचं राहून गेलं."

सरांनी टेबलावरची डबी बाजूला सारली. "एक खरी नोंद घ्या. त्यानंतर काय बोलायचं ते बोला. फक्त घरात काही बदललं, तर तारीख लिहा. बदल लपवला तर अभ्यास खोटा. लिहिला तर तोही अभ्यासच."

बुधवारी ताई न सांगता पिशवी घेऊन गेल्या. रहीमकडे चार पातेली होती. खालांना भट्टी बंद करू दिली नाही, म्हणून त्या जेवेपर्यंत बोलल्या नाहीत.

गुरुवारी ताईंनी डबी हातात घेतली. ती तिथे उघडायची नाही, असा नियम होता. ताईंनी उघडली नाहीच. पण झाकण पारदर्शक होतं, त्याला त्या काय करणार? आतला कागद शाळेच्या पाटीसारखा झाला होता.

"हे काय?" खालांनी विचारलं.

"सुरय्याची कालची हवा."

"एका दिवसात?"

"एका दिवसात. परवाची आणि तेरवाचीही अशीच असणार; तेव्हा बघायला यंत्र नव्हतं, एवढंच. खाला, महिन्यातून एकदा येणाऱ्या डबड्यासाठी तुम्ही भट्टी विझवली. हे बाळ तर मुक्कामालाच आलंय."

खाला उसळल्या. "आमच्या चार पिढ्या ह्याच धुरात जन्मल्या! रहीमला बघ, बैलासारखा आहे!"

खाली बैल खोकला.

सुरय्याचा हात पोटावर होता. "ताई, ह्याला काही होईल का?"

"खोटं नाही सांगत. होईलच, असं मी म्हणू शकत नाही. तेच तर शोधतोय आम्ही. पण आमचं उत्तर यायला सहा वर्षं आहेत, आणि तुझ्याकडे तीन महिने."

खालांनी डबी उलटसुलट करून पाहिली. मग जिन्याच्या कठड्याशी जाऊन रहीमला हाक मारली. या वेळी ओरडून नव्हे.

धंदा बंद करणं शक्य नव्हतं, लग्नसराई तोंडावर होती. पण रहीमच्या मामाची, शमशुद्दीनमियांची, जुन्या बाजारात तीन बाजूंनी उघडी शेड होती. आठ दिवस कुरकुर करून रहीमने भट्टी तिकडे हलवली. "बाळंतपण होईपर्यंतच," तो बजावत राहिला. ताईंनी फॉर्मवर तारीख लिहिली आणि पुढच्या घराचा जिना चढल्या.

पुढच्या महिन्यात कागद फिकट करडा आला.

"पांढरा नाही झाला?" खाला खट्टू झाल्या.

"पेठेत राहतो आपण, खाला. दारावरून रिक्षा जातात."

मुलगी झाली. दोन किलो आठशे. वजन करताना तिने असा टाहो फोडला, की ताईंनी फुप्फुसांबद्दल निदान त्या दिवसापुरती काळजी सोडली. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे सरांनी सांगितलं आणि ताईंनी मान डोलावली. मग वजनाचा आकडा ठळक अक्षरात लिहिला.

चाळीस दिवस झाले तसं रहीमने विषय काढला. "अम्मी, झालं ना आता बाळंतपण? मग उद्या भट्टी आणतो परत."

खाला नातीला मांडीवर थोपटत होत्या. "का रे? बाहेर आल्यावर पोर श्वास घ्यायचं बंद करते का?"

रहीमने ताईंकडे बघितलं. ताई फॉर्म भरण्यात फार गढून गेल्या होत्या. मग त्याने जेवणाचा डबा उचलला, सायकल काढली आणि जुन्या बाजारातल्या भट्टीकडे कामाला निघाला.