डुकराला दावे लागत नाही

पुढारी घडवायचे कारखाने वऱ्हाडात काही कमी नाहीत. कोणी जिनिंगच्या गेटवर घडतो, कोणी सोसायटीच्या ओट्यावर, आणि कोणी तर बापाच्या घरातूनच तयार होऊन, इस्त्री करून बाहेर पडतो. पण पुढारी हवा असेल तर पोराच्या हाती एक डुक्कर द्या, असे भर सभेत छातीठोकपणे सांगणारा माणूस पूर्णेपासून वर्धेपर्यंत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा निघाला. मी पत्रके लिहिणारा माणूस आहे. गोड लिहिण्याची मला सवय नाही. पण या माणसाविरुद्ध मी एकदा जे लिहिले, त्याची भरपाई पत्रकात मावणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मावसाजी अकोटला ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. शिक्षण मराठी चौथी, मिशा मात्र कलेक्टराच्या. एकदा ब्लॉकच्या कामाला कोणी परदेशी पाहुणा आला, दवाखान्यात तासभर थांबला आणि जाताना मासिकातले एक चित्र देऊन गेला. चित्रात दहा-बारा वर्षांची एक पोरगी हातात छडी घेऊन एका धिप्पाड पांढऱ्या डुकराच्या बाजूने चालते आहे आणि तिची मान अशी ताठ, की डुक्कर तिच्या पदरी नोकरीला असावे. तिकडे म्हणे पोरे डुक्कर वाढवतात, प्रदर्शनाच्या रिंगणात नेतात, पंचाच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि पुढे त्यांतूनच पुढारी निघतात. दुभाष्याने एवढे सांगितले आणि मावसाजींचे डोके गेले ते गेलेच. चित्र फ्रेम करून भिंतीवर लागले. सरकारी फार्मवरून विलायती पांढऱ्या डुकरांची पिल्ले आली, वस्तीतली सहा पोट्टी गोळा झाली, त्यांत बारा वर्षांचा मी होतो, आणि आमच्या 'युवक मंडळा'ची स्थापना झाली. मंडळाला पाटी नव्हती, पण सहा छड्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. पिल्लू मोठे होते, म्हणून त्याच्या गळ्यात दोर बांधून निघालो. डुकराला मान म्हणून काही नसतेच. डोके जाड तेवढाच गळा जाड. दहा पावलांत दोर माझ्या हातात आणि डुक्कर जिनिंगच्या आवारात. तिथे कापसाचा ढीग पडलेला. पांढऱ्या कापसात पांढरे डुक्कर! आम्ही सहा जण आणि जिनिंगचे दोन चौकीदार अर्धा तास ढीग उपसत होतो. शेवटी मावसाजी आले, ढिगासमोर हात जोडून उभे राहिले आणि पाहुण्याला बोलवावे तसे म्हणाले, "या बरं बाहेर. पोट्टा नवा हाय, त्याच्याकून चुकलं." आणि काय सांगू, कापूस हलला, एक गुलाबी नाक वर आले आणि स्वारी चालत बाहेर आली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बैलाले दावं लागते बापू. डुकराले दावं लागत नाही. त्याच्या बाजूनं चाला लागते, अन् त्याच्या मनात भरा लागते का आपल्याले तिकडं जाचं हाय. माणसाचं बी तसंच हाय. माणसाले दावं बांधून नेलं, तर दावंच हाती राह्यते."

डुकरांना ते 'अहोजाहो' करत. "चला", "सरका", "बसा आता सावलीत." मावशी चुलीपाशी कपाळावर हात मारून म्हणे, "मले अगं-तुगं, अन् डुकराले अहो! या घरात माणसाले आंघोळीले साबन नाही, अन् त्यायले दोन-दोन वड्या!" मावसाजींचे उत्तर ठरलेले असे, "अरे-तुरे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलं. आता आपल्या तोंडून कोनाले ऐकवाचं नाही, मंग तो डुक्कर का असेना." यावर मावशी म्हणे, "अन् मी?" यावर मात्र मावसाजी एकदम डुकरांच्या पाण्याची चौकशी करायला उठत.

तालीम रोज सकाळी, दवाखान्यामागच्या पडीक जागेत. मावसाजी स्वतः पंच होत. डोक्यावर डॉक्टरांची जुनी हॅट, बसायला औषधाचे खोके. आम्ही एकेकाने डुक्कर घेऊन यायचे, डुक्कर आपल्या आणि पंचाच्या मध्ये ठेवायचे आणि नजर पंचाच्या डोळ्यांत. प्रश्न तीन. वय काय, खुराक काय, आणि तिसरा, सगळ्यांत वाईट, "जनावरात खोट काय?" खोट नाही असे म्हटले की चालत नसे. आपल्या जनावराची खोट पंचाने काढायच्या आधी आपण सांगायची, हा त्यांचा कायदा. आणि उत्तर देताना नजर जमिनीवर गेली, की खोक्यावरून आवाज येई, "बाद!"

ही नजर वर ठेवणे ज्यांना सोपे वाटते त्यांनी आमच्या वस्तीत जन्म घेऊन पाहावे. पाटील बोलला की मान खाली, मास्तर बोलला की मान खाली, तलाठी नुसता खाकरला तरी खाली. आमच्या बापांच्या माना तशाच घडल्या होत्या. मावसाजींना हे ठाऊक होते म्हणून त्यांनी 'बाद'चा नुसता सपाटाच लावला होता, आणि पुढे पुढे तो त्यांच्या ताब्यात राहिला नाही. लग्नात नवरदेवाने अक्षता पडताना खाली पाहिले, की मांडवातून "बाद!" शाळा तपासायला आलेला साहेब कागदात पाहून बोलू लागला, की मागच्या रांगेतून "बाद!" निवडणुकीच्या सभेत तर त्यांनी एका उमेदवाराला पाच मिनिटांत तीनदा बाद केले, आणि त्याच्या माणसांनी मावसाजींना धरून बाहेर काढले. बाहेर जातानाही ते मान वळवून त्याच्याकडेच पाहत होते.

पाच वर्षे त्यांनी अर्ज केले. अकोल्याच्या पशुप्रदर्शनात बैलांचे रिंगण होते, म्हशींचे होते, कोंबड्यांचीसुद्धा रांग लागे. डुकरांना रिंगण द्या आणि पोरांना त्यात उभे करा, एवढीच मागणी. साहेब हसत. मावसाजी दुसरा अर्ज देत. शेवटी एका वर्षी कोणा साहेबाने कंटाळून सही केली. मावसाजींनी त्या मंजुरीला आपल्या हाताने चौकट बसवली आणि ती त्या पोरीच्या चित्राशेजारी लावली.

तोवर मी अमरावतीला कॉलेजात, वसतिगृहात होतो. तिथे एकाला माझे मंडळ कळले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी जेवायला बसलो की कोणीतरी नाकाने आवाज काढी. मी पेटलो. पेटलो त्यांच्यावर नाही, मावसाजींवर! दीक्षा घेतल्यावर वस्तीने मेलेली ढोरे ओढणे सोडले, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, आणि हे गृहस्थ जिवंत डुक्कर पोरांच्या हाती देतात? आमच्या वस्तीत कधी कोणी डुक्कर पाळले नव्हते, तेही यांनी सुरू केले! एका बैठकीत पत्रक लिहिले. 'बांधवांनो, सावधान!' इथून सुरुवात, सहा उद्गारचिन्हे, आणि शेवट असा, 'लोक आपल्याला काय म्हणतील, याचा विचार करा!' पत्रक छापले, गठ्ठा बगलेत मारला, आणि प्रदर्शनाच्या दिवशी अकोल्याच्या मैदानाच्या फाटकावर उभा राहिलो.

पत्रकाने काम केले. माझ्या कोणत्याच पत्रकाने आजवर एवढ्या लवकर काम केलेले नाही. आम्ही पहिले सहा जण मोठे होऊन पांगलो होतो, मंडळात आता वस्तीतली धाकटी पोरे होती; दुपारपर्यंत त्यांचे बाप आले आणि रांगेतून आपापली पोरे ओढून घेऊन गेले. पोरांनी नवे सदरे घातले होते. एक जण छडी सोडेना, तर बापाने छडीसकट उचलला. पुकारा झाला तेव्हा सहा डुकरे उभी होती आणि पोरगे एकही नव्हते. तेव्हा मावसाजी, पन्नाशी उलटलेला माणूस, धुतलेले धोतर, जमिनीवरची एक छडी उचलून एक डुक्कर घेऊन एकटेच रिंगणात उतरले. कठड्याभोवती लोक हसत होते, त्यांत काहींच्या हातात माझेच पत्रक होते, आणि ते मोठ्याने वाचून हसणारे आमच्या वस्तीतले नव्हते. मावसाजींची नजर पंचावरून हलली नाही. पंचाने वय विचारले, खुराक विचारला. तिसरा प्रश्न पंचाच्या यादीत नव्हताच. मावसाजींनी तो स्वतःच घेतला.

"खोट सांगतो साहेब. जनावरात नाही. माह्यात हाय. मी पोट्ट्यायले इचारलं, त्यायच्या बापायले इचाराले भुललो."

नंतर ते निंबाखाली बसले होते तिथे मी गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो. त्यांनी माझे पत्रक पुरते वाचले, अक्षराला अक्षर लावून, आणि म्हणाले, "झकास लिवलं तू. आवाज हाय. कोनाले भेत नाही." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "पण इथं खाली पाह्यलं तू."

बस, एवढेच. ते 'बाद' म्हणतील म्हणून मी थांबलो. म्हणाले नाहीत. ज्याला रिंगणातलाच धरायचा नाही, त्याला बाद तरी कशाला करायचे?

पुढच्या वर्षी स्पर्धक नाहीत म्हणून ते रिंगण यादीतून गेले. डुकरे फार्मला परत गेली. मी अमरावतीत पुढारी झालो, म्हणजे लोक तसे म्हणतात. वसतिगृहाच्या जेवणात किडे निघाले तेव्हा शे-दीडशे पोरे कचेरीपर्यंत न्यायची होती आणि ती फाटकाशीच थबकली. ओरडून पाहिले, हलेनात. मग मी मागून सरकलो आणि त्यांच्या बाजूने चालू लागलो. "चला, आपल्याले तिकडं जाचं हाय." निघाली. साहेबाने दरडावून विचारले तेव्हा माझी नजर त्याच्या डोळ्यांत होती आणि तोंडून आपोआप निघाले, "साहेब, आमची खोट आधी सांगतो. काल आमच्यातल्या एकानं स्वयंपाक्याले मारलं, ते चुकलं. आता तुमची खोट ऐका." त्या दिवशी आम्ही जिंकलो. पोरे मला खांद्यावर घेऊन नाचत होती आणि मला खांद्यावर बसल्या बसल्या औषधाच्या खोक्यावरची ती हॅट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी एस. टी. धरून अकोटला गेलो. मावसाजी आता निवृत्त झालेत. मिशा पांढऱ्या आणि खाली आल्यात. अंगणात डुकरांचा गोठा होता तिथे दोडक्याचा वेल चढलाय, आणि वेलाला आधार म्हणून आमच्या सहा छड्या रोवल्यात. भिंतीवर ती पोरगी अजून आहे. शेजारची चौकटही आहे, पण तिच्यात आता मावशीचा फोटो आहे. मावशी मागच्या साली गेली. मी अमरावतीत मोर्चात होतो, आलो नव्हतो.

ते खाटेवर बसले, मी समोर उभा. चार वर्षे पाठ केलेले वाक्य होते. "मावसाजी," मी म्हणालो, "ते पत्रक मी..." आणि माझी नजर अंगणातल्या मातीवर गेली.

"बाद," मावसाजी हळूच म्हणाले.

मी वर पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते, अन् खाटेवर थोडे बाजूला सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली होती.