चुकून धुतलेले पाय

गुडघे दुखतात म्हणून हल्ली सूनच माझे पाय धुते. काल ती धानाच्या रोवणीवरून तशीच आली. तिच्या पायांच्या चिखलाचा वास आला आणि मला नागभीडजवळचं आमचं जुनं अंगण दिसलं.

मी लहान होते, इंग्रजांचं राज्य होतं. एक म्हातारे गोरे बिशप आमच्या घरी आले होते. रोवणीहून परतलेल्या आईनं पाहुण्याच्या रीतीनं त्यांच्यापुढं पाय धुवायला पाणी ठेवलं. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एक दिवस बिशपच लोकांचे पाय धुतात. त्यांना वाटलं, इथंही तेच. ते झग्यासकट खाली बसले आणि आईचाच पाय धरला.

"अजी साहेब, पाणी तुमच्यासाठी हाय!"

तोवर चिखल उतरू लागला होता. मला हसू आलं. आई रडत होती. तिचे पाय आजवर कोणी धुतलेच नव्हते. ती चूक झाली म्हणून मी देवाचे आभार मानते.

काल सुनेला म्हटलं, "बस इथी. आधी तुहे पाय माह्या मांडीवर ठेव."