लुमनीकच्या गाण्यातली रिकामी जागा

थानासकाकांना कुणी "तुमचं गाव कुठलं?" असं विचारलं की संपलंच, अर्ध्या तासाची निश्चिंती. अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहून बुटांच्या कारखान्यात सदतीस वर्षं घासली, पण माणूस राहिला तो अल्बानियातल्या लुमनीकचाच. दोन डोंगरांच्या बेचक्यातलं एवढंसं गाव. नदीच्या एका काठावर सातला ऊन यायचं, दुसऱ्यावर दहाला. म्हणून उन्हाकडचे सावलीकडच्यांना आळशी म्हणायचे, आणि सावलीकडचे त्यांना भाजक्या डोक्याचे. तुर्क आले, इटालियन आले, जर्मनांनी बाजार जाळला. प्रत्येकाने जाताना पूल मोडला आणि दोन्ही काठांनी एकमेकांना शिव्या देत तो पुन्हा बांधला.

शेवटी देशातलेच लोक, कम्युनिस्ट, सत्तेवर आले आणि त्यांनी सीमाच बंद केली. परदेशात भाऊ असणं हाच तिकडे गुन्हा. म्हणून एकोणपन्नास साली काकांनी बहिणीला, वासिलिकाला, पत्र लिहिणं थांबवलं. ती आहे की गेली, एवढंच त्यांना मरण्याआधी कळायला हवं होतं.

शेजारच्या पुणेकर अतुलने आकाशवाणीसाठी शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला. आकाशवाणी काही लागेना, लागलं अल्बानियाचं सरकारी केंद्र. "अरे, काकांना बोलव ना!" बायको सुनेत्रा म्हणाली. तेव्हापासून काका रोज दुपारी हजर. सरकारला शिव्या घालायच्या, पण एक शब्द चुकवायचा नाही.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात निवेदिका म्हणाली, "आता लुमनीकच्या महिला." काका ताडकन उभे राहिले. अतुलने टेपचं बटण दाबलं.

"पुलावरचं गाणं आहे," काका घाईने सांगू लागले. "पुरुष परदेशी निघाला की म्हणायचं. पुढे गाणारी आपल्या माणसाचं नाव घेते, बाकीच्या एक सूर धरतात. माणूस मेला असेल तर नाव नाही, नुसता सूर."

पहिलीने नाव घेतलं. दुसरीचा आवाज जाड, थरथरता. पण शब्दाआधी श्वास ओढायची खोड! वासिलिकाच ती. काकांनी टेबल घट्ट धरलं. नावाची जागा आली. नुसता सूर घुमत राहिला.

"जिवंत आहे," काका म्हणाले, "आणि मी मेलोय."

"काका, सरकारनं कट केलं असेल," सुनेत्राने समजूत घातली.

"पहिलीने नाव घेतलं तो तिचा नवराही बॉस्टनला होता, ते कुठे कापलं? नुसत्या नावावरून सरकारला काय कळतंय?"

"मग लेटर लिहा ना, आजच! मी पोस्ट करते."

तिने कागद पुढे केला. काकांनी 'वासो' हे बहिणीचं लाडकं नाव लिहिलं आणि थांबले. किती रडली असेल, आता कुठे सावरली असेल. पत्र गेलं तर मागोमाग पोलीस तिच्या दारात. त्यांनी कागद फाडला आणि परक्या घरात ओक्साबोक्शी रडले.

"मेलेला भाऊ तिला परवडेल, सुनेत्रा," ते म्हणाले. "जिवंत नाही परवडणार."