पाणकराची शंका

आमचा बा गावच्या तलावाचा पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी सोडायचं ते तोच ठरवायचा, आणि संध्याकाळी तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, बूच ठोकून बंद करायचा. गाव म्हणायचं, "पाणकर असावा तं असा! दहादा जाऊन पाहते." हे कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कारण ताटात भात पडला की हा उठलाच.

"बा, आत्ताच तं पाहून आला ना! काऊन जाऊन राहिला पुन्हा?"

"पाहिलं वं. पर मनाले पटून नाही राहिलं."

भात गार, लाखोरीचं वरण गार, मायचं डोकं गरम. मी पाय आपटत त्याच्या मागे जायचे. तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून जाताना शिंगाड्याच्या वेलांचा ओला वास यायचा. आज ती वाट बासोबत चालायला मिळाली तर मी दहादा जाईन, कुरकुर न करता.

पुढे मी गोंदियाला कॉलेजात गेले. फेऱ्या मारून बाच्या टाचा फुटल्या, तेव्हा मीच हट्टानं त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गावात बोंब झाली, "चांगल्या माणसाले येड्यायच्या डॉक्टरकडे कायले नेलं?" मी म्हटलं, "तुमचं पाणी राखता राखता तो झिजून राहिला, तुमचं काय जाते!"

डॉक्टर अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे. त्यांनी समजावलं, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्याला सेरोटोनिन नावाचं रसायन लागतं. ही गोळी पेशींना ते लगेच परत ओढून घेऊ देत नाही. "शंका इससे क्यों कम होती है, पूरा किसी को नहीं पता. पण पुष्कळांना गुण येतो. टाइम लगेगा, दोन-तीन महिने."

बा विचार करून म्हणाला, "म्हंजे पाणी बांधीत पोचलं न पोचलं का वापस तलावात! आता थांबन जरा."

डॉक्टर हसले. बसस्टँडवर मात्र बानं खरी भीती सांगितली. "पोरी, गोळ्या खाऊन मी बेफिकीर झालो तं? तुडूम उघडं राहिलं तं गावाचं धान मरन." मी त्याला समोसा घेऊन दिला.

सुरुवातीला नुसती मळमळ, गुण काहीच नाही. माय म्हणायची, "फेक त्या गोळ्या." मी दर शनिवारी घरी येऊन पाकीट तपासायचे. तपासायचं वेड आता मला लागलं होतं.

धान गर्भात आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हाची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी बा तलावावरून आला, पाय धुतले, जेवायला बसला. अर्धा भात संपला. तो उठला नाही. मग जरा चुळबुळला, तशी मी ताट सरकवून उठायला लागले.

"लोणचं दे," तो म्हणाला.

जेवून तो खाटेवर आडवा झाला. मायलाच राहवेना. बॅटरी घेऊन ती गुपचूप तलावावर गेली आणि धापा टाकत परत आली. माझ्या कानाशी म्हणाली, "बंद हाये."

खाटेवरून आवाज आला, "मले ठाऊक हाये."

इतक्या वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, आणि तिथंच भोकाड पसरून रडले.