इब्राहिममामांचं येणं-जाणं

इब्राहिममामा कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबत, सदऱ्याच्या खिशातून कांद्याचं वाळकं साल काढत आणि हवेत सोडून देत. ते कुठं जातं हे मान वाकडी करून बघत, मगच आत पाऊल टाकत. मंगल कार्यालय असो, दवाखाना असो, यात खंड नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारबाबा मंत्रबिंत्र टाकतायत. वर रागही आला, कारण फरशी मी नुकतीच पुसून घेतली होती.

मामा वरवंडचे. पत्र्याचं काम त्यांच्या घरात आजोबांपासून. दौंडकडच्या गुऱ्हाळांची धुराडी करण्यात त्यांची हयात गेली. माझी सणसवाडीला एका शेडमध्ये लॉण्ड्री. एका कंपनीतल्या कामगारांचे गणवेश धुऊन, वाळवून, घडी करून द्यायचे. गॅसवर चालणारे चार मोठे ड्रायर आणि कामाला नऊ बायका. सगळा डोलारा त्या एका ऑर्डरवर उभा.

आणि कपडे वाळेनात. चाळीस मिनिटांचा घाणा दीड तास फिरला तरी दमट. बायकांची डोकी दुखायला लागली. ड्रायर बसवणारा म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, भिंतीत मोठा पंखा लावा. लावला, तर अजूनच बिघडलं. शुक्रवारी कंपनीचे साहेब येऊन स्पष्ट बोलले, "मॅडम, सोमवारी एक जरी गणवेश ओला निघाला तर ऑर्डर दुसरीकडे जाईल." तेव्हा आमच्याकडची शोभा म्हणाली, "ताई, आमच्या गावच्या मामान्ला बोलवू का?"

मामा त्याच दुपारी आले. बाहेर उघडणारं दार त्यांनी ओढलं, तर निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठं सुटलं, आणि साल त्यांच्या बोटांतून निसटून थेट आत.

"पोरी, दार जड न्हाई. हवेनं धरून ठिवलंय." मग वर बघत म्हणाले, "जाणं झ्याक केलंयस. चार पाइप, वर ह्यो राक्षस पंखा. येणं कुठं हाय?"

"कुणाचं येणं?"

"हवेचं! गुऱ्हाळाच्या चुलवाणाचं खालचं तोंड बुजवलं तर जाळ धरंल का? मग धुराडं आभाळाला का टेकवंना! ह्ये तुझं ड्रायर म्हंजी चुलवाणच की."

आता सांगायला लाज वाटते, पण बुजवलं होतं मीच. हायवेची धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसू नये म्हणून खिडक्या प्लास्टिकनं बंद केल्या, दाराखाली स्पंजची पट्टी चिकटवली. मी तोऱ्यात म्हणाले, "मुंगीला शिरायला फट ठेवली नाही, मामा."

"मुंगीचं ऱ्हाऊ दे. हवेला ठिवायची व्हती."

त्यांनी आधी गॅस बंद करायला लावला आणि बायकांना बाहेर काढलं. "त्यो पंखा ड्रायरच्या तोंडचा घास वढतोय. गॅसचा धूर वर जायचा त्यो माघारी येतोय. लेकींची डोकी उगं न्हाई दुखत." इकडे ऑर्डरच्या काळजीत मी त्यांना नुसत्या डोकेदुखीच्या गोळ्या वाटत होते.

शनिवारी मामांनी पंखा उतरवला. रस्त्याच्या बाजूला नव्हे, मागच्या शेताकडच्या भिंतीत दोन भलीमोठी भोकं पाडली, वर पत्र्याचा छज्जा, तोंडाला जाळी. "जाण्यापरीस येण्याचं दार मोठं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाइपची तीन वळणं काढून एक ठेवलं. आतून पाट्या भरून कपड्यांची लव निघाली. सांध्यांतले आत डोकावणारे स्क्रूही काढले, कारण लव तिथंच अडकते.

रविवारी ड्रायर सुरू केले. जाळ निळा. दार करंगळीनं उघडलं. चाळिसाव्या मिनिटाला शोभानं पहिला गणवेश ओढून गालाला लावला आणि अशी किंचाळली की शेजारच्या गॅरेजमधले लोक धावत आले. मला तर रडूच फुटलं.

सोमवारी साहेबांनी गठ्ठ्याच्या तळातला गणवेश काढून दाबून बघितला, हुंगला. "नवीन मशीन घेतल्या का?"

"न्हाई सायेब," मामा म्हणाले, "भिंतीला भोक पाडलं."

ऑर्डर राहिली, पुढं आणखी दोन कंपन्या आल्या. मामाही येत राहिले. मी केबिनचं दार लावून एकटी डबा खाताना दिसले की दार उघडून बोलत, "कुणाकडं जात न्हाईस, कुणाला बोलवत न्हाईस. तुझी बी ह्या शेडवानी गत झालीया." मग मी बायकांबरोबर पंगतीला बसायला लागले.

यंदा दौंडला दुसरी लॉण्ड्री काढली. मामांचे हात आता थरथरतात, पत्रा कापवत नाही. तरी फीत त्यांनीच कापली, आपल्या पत्र्याच्या कात्रीनं. या शेडचं काम मी त्यांना न विचारता करून घेतलं होतं. ते उंबऱ्यावर थांबले, खिशात हात घातला आणि आम्ही सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या राहिलो. चारी ड्रायर चालू होते. मागच्या जाळीतून झुळूक आली. साल क्षणभर तरंगलं आणि सावकाश ड्रायरकडं निघालं.

"येणं हाय," मामा म्हणाले आणि आत आले. टाळ्या थांबेनात.

"आता तुला समदं येतंय," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "मग मला म्हाताऱ्याला कशाला बोलवलंस?"

"येणं-जाणं राहावं म्हणून," मी म्हणाले.