टाकीचं लखलखीत झाकण

साखरपा मागे पडला, आंबा घाटाची पाटी दिसली आणि आमच्या पुढे चाललेली लाल गाडी दोन गचके देऊन रस्त्याच्या कडेला लागली.

मागच्या पिकअपमध्ये मी होतो. शेजारी मांडीवर डबे घेऊन माझी बायको सुलभा.

"बसली," ती म्हणाली.

मी धावत गेलो. माझ्या घेराचा माणूस जितपत धावतो तितपत. पोचेपर्यंत शशीकाकूंनी पर्समधून फोन काढलाच होता.

"सुधीर, पुण्याच्या माणसाला लावू आता?"

"काकू, पाच मिनिटं द्या."

"मागच्या दोन्ही वेळेला पाचच मागितली होतीस."

मनोहरकाका नुसते स्टिअरिंग धरून बसले होते. बोटीवर चीफ इंजिनिअर होते ते. भर समुद्रात बंद पडलेली इंजिनं त्यांनी चालू केली असतील, पण तिथे शेजारच्या सीटवर काकू नव्हत्या.

काका-काकू रत्नागिरीजवळच्या पावस गावचे. काका समुद्रावर असताना आंब्याची कलमं, नारळ, गडी, सगळं काकूंनी सांभाळलं. रिटायर झाल्यावर काकांनी कोल्हापूरकडच्या एका कोंबड्यांच्या शेडमधून ही गाडी उचलून आणली. साठच्या दशकातली इंग्लिश स्पोर्ट्स कार. दोनच सीट, डोक्यावर छप्पर नाही आणि बूड रस्त्याला टेकेल इतकं खाली. माझ्या कुवारबावच्या गॅरेजमध्ये ती आली तेव्हा सीटमधून पिसं निघत होती. मी आयुष्यभर टेम्पो आणि जीपगाड्या दुरुस्त केलेल्या. शहाण्या माणसाने हात जोडले असते. मी हात चोळले.

काकांना ती घेऊन गोवा ते कन्याकुमारी अशा जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरायचं होतं. रॅली म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोचायचं, लवकर पोचलात तरी मार्क कापतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने रोडबुक वाचून वळणं सांगायची. तो नेव्हिगेटर. काकांना नेव्हिगेटर म्हणून काकूच हव्या होत्या.

"जन्मभर मी फिरलो, ही पावसला राहिली," ते मला म्हणाले होते. "आता एकदा बरोबर जाऊ."

काकूंची अट साधी होती. "आंबा घाट ती आपल्या पायांनी चढली तर मी येते. दोरी नाही, धक्का नाही. नाही चढली, तर पुण्याचा तो माणूस कधीचा मागे लागलाय, त्याला देऊन टाकायची. शिंचीपायी माझं अंगण अडलंय."

आणि पुण्याचा माणूस उद्या येणार होता.

गाडीत मी काय नाही केलं? रेडिएटर जाड बसवला, पुढे इलेक्ट्रिक पंखा दिला. डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला, म्हणजे रात्री दिवे लावले की बॅटरी मान टाकणार नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. पोटाखाली सम्प गार्ड, म्हणजे इंजिनाला दगड लागू नये म्हणून बांधलेला लोखंडी पाट. लांबच्या पल्ल्यासाठी पेट्रोलची मोठी टाकी बनवून घेतली. जुनं काही राहिलं असेल तर त्या टाकीचं झाकण. गोल, घुमटासारखं, मागून गाडी पाहणाऱ्याच्या नजरेत पहिलं भरणारं. त्याला नवा रबरी वॉशर लावला आणि ते असं चमकवलं की त्यात माझी दुसरी हनुवटीसुद्धा स्पष्ट दिसायची.

गॅरेजच्या आसपास गाडी हरणासारखी पळायची. लांब नेली की पाली गावाच्या पुढे कुठेतरी मरायची. जरा थांबलं की पुन्हा चालू, आणि थोड्या अंतरावर पुन्हा बंद. मी ठरवून टाकलं, व्हेपर लॉक. म्हणजे उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. म्हणून पाइप इंजिनापासून दूर नेला, त्याला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. काकांनीही मान डोलावली होती. दोन इंजिनवाल्यांचं एकमत झालं की समजावं, दोघेही चुकलेत.

तर आता घाटाच्या तोंडाशी मी बॉनेट उघडलं. पाण्याचं तापमान बेताचं. पाइपाला हात लावला, कोमटसुद्धा नव्हता. कार्बोरेटरच्या वाटीत पाहिलं, म्हणजे इंजिनात जाण्याआधी पेट्रोल साठतं त्या भांड्यात. कोरडी ठाक.

"वाफ नाही काका. पेट्रोल येतच नाही."

"पेट्रोल आहे ना पण?" काकूंनी विचारलं.

"शशी, निघताना फुल केलंय," काका दुखावून म्हणाले.

"तुमचा काटा फुल दाखवतो. तो शेडमध्येही फुलच दाखवत होता."

हे खरं होतं. खात्री करायला मी मागे गेलो आणि झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ.

पाण्यात बुडलेल्या माणसाने वर येऊन घ्यावा तसा श्वास. आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत.

"आमच्या आमरसाच्या बाटलीचं बूच काढताना येतो तसला आवाज," काकू सीटवरूनच म्हणाल्या.

मी झाकण हातात घेऊन उभा राहिलो आणि मला तेलाचा डबा आठवला. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. एकच पाडलं तर धार अडखळते आणि थांबते. गाडीच्या टाकीचंही तेच. जेवढं पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी, आणि त्यासाठी या गाडीत झाकणालाच सुईएवढं भोक असतं. ते बंद असेल तर पंप ओढून ओढून थकतो. थांबलं की कुठूनतरी थोडी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चार पावलं चालते. प्रत्येक वेळी मी पुढे धावून बॉनेट उघडत होतो. दुखणं मागे होतं.

झाकण उलटं करून पाहिलं. भोक होतं. त्यात गुलाबी काहीतरी दगडासारखं घट्ट बसलं होतं.

सुलभाने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अहो, ही तर माझी देवाची भांडी घासायची पावडर."

मी झाकणाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हीच आणून दिलंत ना झाकण? समईसारखं चमकव म्हणालात. मी पावडरीवर चिंचही लावून घासलं. आतून पण."

काका पहिल्यांदा हसले. असे हसले की स्टिअरिंगवरचा हॉर्न वाजला.

"पिन," मी म्हणालो.

सुलभाने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी भोक टोकरलं, फुंकलं, उजेडाकडे धरलं. पलीकडे घाटाचा एक हिरवा ठिपका दिसला. झाकण लावलं. काकांनी स्टार्टर दाबला. इंजिन एकदा खोकलं, आणि मग त्याने जो सूर धरला तो मी गॅरेजमध्येही ऐकला नव्हता.

"चढतीय का बघू," काकू म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवला. ठेवता ठेवता त्यांनी पर्समधून एक नवाकोरा स्कार्फ काढून डोक्याला बांधला. त्याची घडी अजून मोडली नव्हती.

पुढचा घाट मी विसरणार नाही. पहिल्या वळणावर काका जपून होते. दुसऱ्याला त्यांनी गिअर खाली घेतला आणि गाडी कड्याला घासून जाणाऱ्या घारीसारखी वळली. आवाज दरीत जाऊन परत येत होता. ऊस भरलेला ट्रक मागे पडला, त्याच्या क्लीनरने खिडकीबाहेर अर्धं अंग काढून हात हलवला. माझा पिकअप धापा टाकत होता. काकूंचा हात सारखा वर जायचा, डावीकडे, उजवीकडे. वळणं सांगत होत्या.

"अहो, जरा दाबा ना," सुलभा म्हणाली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडी वेगात चालवा असं ती मला पहिल्यांदा म्हणाली.

वर पोचलो तेव्हा लाल गाडी कडेला उभी होती आणि इंजिन चालूच होतं. बंद करायचा धीर काकांना झाला नव्हता. काकू फोनवर होत्या.

"हां, उद्या येऊ नका... नाही हो, किमतीचं काही नाही. गाडी कामात आहे." फोन ठेवून त्या काकांना म्हणाल्या, "सरका पलीकडे. उतरताना मी चालवते."

"ब्रेक हलके आहेत हां, शशी."

"आंब्याचा टेम्पो कोण चालवत होतं वीस हंगाम? तुम्ही वळणं सांगा. मोठ्याने सांगा."

ते दोघे कन्याकुमारीपर्यंत गेले. नंबर शेवटून दुसरा आला. काका म्हणतात, शशी फार जोरात चालवते, सगळीकडे वेळेआधी पोचून मार्क गेले. काकू म्हणतात, चहाच्या प्रत्येक टपरीवर बॉनेट उघडून इंजिन समजावून सांगत बसलं की राहिलेले मार्कही जातात. गाडी मात्र एकदाही बंद पडली नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर आता गाडी बंद पडली की मी आधी तिच्या मागे जातो. आणि गॅरेजमधली कुठलीही वस्तू घासायला घरी नेत नाही. समया मात्र सुलभा मलाच घासायला लावते.